वही मुलीच्या हातीं, परीक्षानळी मुलाच्या

मुलींस गणिताची व शास्त्राची बुद्धि उपजतच नसते, असें उघडपणें म्हणणारा शिक्षक आतां क्वचितच भेटतो. त्याच्या जागीं दुसरा आला आहे, आणि आमच्या मतें तोच अधिक घातक आहे. हा गृहस्थ सौजन्यमूर्ति असतो. दहावीचा निकाल लागला कीं तो मुलीस सांगतो, "बाळ, शास्त्रशाखेचा भार तुला कशाला? तुझ्या आवडीचें कांहीं तरी घे." आवडीचा हा कैवार ऐकून पालकही संतुष्ट होतात. परंतु ज्या विषयाशीं मुलीची गांठच पडूं दिली नाहीं, त्याची आवड तिला उत्पन्न व्हावी कोठून?

आमच्या पनवेलींतील काय किंवा अन्य गांवची काय, शाळेची कोणतीही प्रयोगशाळा पाहावी. चार-पांच विद्यार्थ्यांत मिळून एक उपकरण. मुलगा परीक्षानळी दिव्यावर धरतो. मुलगी निरीक्षणें सुवाच्य अक्षरांत वहींत उतरविते. वर्षाअखेर त्या वहीस पूर्ण गुण मिळतात आणि शिक्षक तिच्या नीटनेटकेपणाची स्तुति करितात. या स्तुतीसच आम्ही नाउमेद करणें म्हणतों. फळ्यापाशींही तीच तऱ्हा. अवघड उदाहरण सोडवितांना मुलगा चुकला तर तो धडपड्या ठरतो. मुलगी चुकली तर "तिला झेपत नाहीं" असा निर्णय होतो. चुकण्याचा हक्क नसेल तेथें गणित शिकतां येत नाहीं, हें गणिताच्या शिक्षकांस आम्हीं सांगावें काय?

प्रतिपक्षाचें एक आवडतें शस्त्र म्हणजे कै. कमलाबाई सोहोनी. खरी बुद्धि असेल तर दार उघडतेंच, कमलाबाईंना नाहीं का उघडलें, असें ते विचारतात. उघडलें खरें, पण कसें तें पाहा. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत पहिल्या आलेल्या या मुलीस बंगलोरच्या टाटा संस्थेंत सर चंद्रशेखर रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. तिनें आग्रह सोडला नाहीं, तेव्हां एक वर्षाच्या उमेदवारीवर, आणि तिच्यामुळें पुरुष संशोधकांचें चित्त विचलित होऊं नये या बोलीवर, तिला आंत घेतलें. तेथें श्रीनिवासय्या यांच्यासारखा कडक पण न्यायी गुरु लाभला, आणि १९३९ सालीं ती केंब्रिजची डॉक्टर झाली. मात्र तिचे वडील नारायणराव भागवत व चुलते माधवराव हे दोघेही त्याच संस्थेंतून शिकून बाहेर पडलेले रसायनशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट आमचे मित्र सोयीस्करपणें विसरतात. रामन यांच्याशीं झगडण्याचें धैर्य तिला घरांतून मिळालें होतें. ज्या मुलीचा बाप तळोज्याच्या कारखान्यांत रात्रपाळीस जातो, तिच्या घरीं रसायनशास्त्रज्ञ कोठून येणार? तिचा जो कोणी असेल तो शाळेंतला शिक्षकच, आणि तोच जर "कशाला?" म्हणाला, तर तिनें दाद कोणाकडे मागावी?

स्त्रियांस गृहोपयोगी शिक्षणच शोभतें, हा विचार मोठमोठ्यांसही सुटला नाहीं. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. तरीही १९१६ सालीं स्थापिलेल्या त्यांच्या महिला विद्यापीठांत गृहजीवनास उपयुक्त अशा विषयांना विशेष मान होता. त्या काळीं तें पुढचें पाऊल होतें, हें आम्ही आदरपूर्वक मान्य करितों. शंभर वर्षांनंतर तेंच पाऊल टाकीत राहणें म्हणजे जागच्या जागीं पाय आपटणें होय.

आणि पनवेलकरांनीं तरी दृष्टांतासाठीं बंगलोरपर्यंत कां जावें? नवीन पनवेलांत भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेपासून चालत आलेली. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनीं चुंबकीय मापनांत व्यत्यय येईल, म्हणून १९०४ सालीं अलिबागेस वेगळी वेधशाळा उभारली गेली. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेच्या संचालकपदीं २००५ ते २०१० या काळांत अर्चना भट्टाचार्य या विदुषी होत्या. आमच्या किती शिक्षकांनीं नववीच्या मुलींस हें नांव सांगितलें आहे? कर्नाळ्याची सहल दरवर्षीं निघते. त्याच बसगाडीनें या संस्थेच्या दारापर्यंत जावयास कितीसा खर्च येणार आहे?

वर्ग मोठे, अभ्यासक्रम लांबलचक, ही सबब आम्हांस ठाऊक आहे. आम्हीही हाच धंदा करितों. परंतु परीक्षानळी एका हातांतून दुसऱ्या हातांत देण्यास वेगळा तास लागत नाहीं. या वर्षीचें शाळांचें विज्ञानप्रदर्शन भरेल तेव्हां उपकरणापुढें उभें राहून परीक्षकांशीं कोण बोलतो आणि मागें बसून तक्ते कोण रंगवितें, तें आम्ही पाहणार आहों.