जुन्या अवजाराचा भाव कोण ठरवतो?



बेणे, खोडवा, पाचट, ठिबक या विषयांवर आम्ही या पत्रिकेतून वरचेवर लिहीत असतोच. या अंकात जरा वेगळा विषय घेतला आहे. हा विषय उसाच्या टनेजचा नाही, पण सभासदाच्या खिशाचा नक्कीच आहे.

गटांतून फिरताना असे दिसते की, बहुतेक वस्त्यांवर एखादे तरी वापरलेले यंत्र विक्रीच्या वाटेवर उभे असते. कुठे दहा-बारा वर्षे चाललेला ट्रॅक्टर, कुठे ट्रॉली, रोटाव्हेटर, वीज आल्यावर बाजूला पडलेले डिझेल इंजिन, नाहीतर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. या वस्तूंची विक्री होते कशी? ट्रॅक्टर नव्याच्या बदल्यात डीलरकडे जातो, बाकीचे सारे भंगारवाल्याच्या काट्यावर. "मालक, जुनं झालंय आता, कशाला डोक्याला ताप? देऊन टाका एक्स्चेंजमध्ये," असे कोणी म्हटले की आपण मान डोलावतो. उसाच्या दरासाठी दहा रुपयांवरून वार्षिक सभेत तासभर भांडणारा आमचा सभासद लाखाच्या वस्तूचा सौदा चहाचा कप संपेपर्यंत उरकतो, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

भाव कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते भाव पहिले गिऱ्हाईक ठरवत नाही, दुसरे ठरवते. समजा, एखाद्या माणसाला आपला ट्रॅक्टर इतका मनात भरला आहे की तो तीन लाखांपर्यंत जाईल. पण त्याच्याशिवाय दारात दुसरे कोणी आलेलेच नाही. तो तीन लाख कशाला सांगेल? तो दोन सांगेल आणि आपण सव्वादोनावर राजी होऊ. तेच पावणेतीनपर्यंत जाणारा दुसरा माणूस समोर उभा राहिला की पहिल्याला पावणेतीनच्या वर चढावेच लागते. ट्रॅक्टर तोच, मालक तोच. फरक पडला तो दुसऱ्या माणसाने.

हे आपल्याला नवीन नाही. कांद्याचा किंवा गुळाचा सौदा उघड बोलीने झाला तर काय होते आणि जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून झाला तर काय होते, हे जुन्या मंडळींनी पाहिले आहे. डीलरच्या टेबलावर होणारा एक्स्चेंजचा व्यवहार आम्हांला रुमालाखालचाच वाटतो. जुन्याला दहा हजार वाढवून दिले असे सांगायचे आणि नव्यावरची सूट तेवढीच कमी करायची, म्हणजे गिऱ्हाईक खूश आणि डीलरही खूश! म्हणून नव्या ट्रॅक्टरचा रोखीचा भाव आधी वेगळा विचारावा, मग जुन्याचे नाव काढावे.

ऑनलाइन लिलाव म्हणजे हे दुसरे, तिसरे, दहावे गिऱ्हाईक दूरच्या गावांतून मोबाईलवर आणून उभे करणे. अमेरिकेत १९९५ साली असा बाजार सुरू झाला, तोच पुढे ईबे या नावाने ओळखला जाऊ लागला. तिथे गिऱ्हाईक आपली कमाल रक्कम गुप्तपणे भरून ठेवते आणि संगणक त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवत राहतो. म्हणजे जिंकणारा स्वतःच्या कमाल रकमेइतके देत नाही, दुसऱ्याच्या कमालीपेक्षा थोडेसे जास्त देतो. आपल्याकडे केंद्राच्या पोलाद मंत्रालयाखालील एमएसटीसी ही कंपनी १९६४ साली भंगाराच्या व्यापारासाठी निघाली. आज सरकारी खात्यांचे भंगार, जुनी यंत्रे आणि वाहने तिच्या ई-लिलावात विकली जातात. हप्ते थकले म्हणून दारातून ओढून नेलेले ट्रॅक्टरसुद्धा फायनान्स कंपन्या खाजगी लिलाव कंपन्यांमार्फत विकतात. ओढून नेणारा लिलाव करतो आणि घाम गाळून हप्ते फेडणारा मात्र एकाच गिऱ्हाइकाला विकतो, हे आम्हांला बरोबर वाटत नाही.

पण नुसते मोबाईलवर टाकले म्हणजे भाव आला, असे होत नाही. वापरलेल्या वस्तूचे मोठे दुखणे असे की, तिची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन हे मांडले आणि पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. घेणाऱ्याला कळत नसले की तो सगळ्याच मालाला खोडीचा माल समजून भाव बोलतो आणि चांगल्या मालाचा मालक मार खातो. तेव्हा आपला माल चांगला असेल तर लपवाछपवीने नुकसान आपलेच आहे.

म्हणून विक्रीआधी रंग मारू नये. ताजा रंग बघितला की जाणता माणूस आधी संशय घेतो. ट्रॅक्टर स्वच्छ धुवावा आणि सकाळच्या उजेडात चारही बाजूंनी फोटो काढावेत. टायरची नक्षी, तासांचे मीटर, चेसिस नंबरची पट्टी आणि जिथून ऑइल पाझरते ती जागासुद्धा दाखवावी. रात्रभर थंड पडलेले इंजिन पहिल्या सेल्फला कसे उचलते, धुराचा रंग कोणता आहे, मागची लिफ्ट वजन घेऊन टिकते का, याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा. क्लचचे काम निघणार असेल तर तसे लिहावे. क्लचचा खर्च घेणारा वजा करीलच. पण न लिहिता निघाला तर क्लचबरोबर गिअरबॉक्सचाही खर्च मनात धरून तो बोलीतून उठून जातो.

बोली कितीपासून सुरू करावी, यावर सभासदांत मतभेद आहेत. आमचे मत असे की, राखीव किंमत ठेवण्याची सोय असेल आणि मागणी असलेला माल असेल, तर सुरुवात खालून करावी. माणसे गोळा होतात, एकदा बोलीत उतरलेला माणूस सहसा लवकर मागे फिरत नाही. राखीव किमतीची सोय नसेल तर मात्र ज्याच्या खाली विकायचेच नाही, तोच आकडा सुरुवातीला टाकावा. आणि भाव चढवायला मेव्हण्याला बोली लावायला बसवू नये. नियमात ते बसत नाही, शिवाय पुष्कळदा ट्रॅक्टर मेव्हण्याच्याच गळ्यात पडतो!

वेळही महत्त्वाची. हंगाम संपला की वाहतुकीची वाहने एकदम विक्रीला निघतात, त्यात मार्चचे हप्ते डोक्यावर असतात. विकणारे फार, घेणारे थोडे. तोडणी-वाहतुकीचे करार होऊन उचल हाती आली की हेच चित्र उलटे होते. तेव्हा ज्याला दम धरता येईल त्याने धरावा. पितृपंधरवड्यात वाहनाला कोणी हात लावत नाही. लिलावाची शेवटची तारीख नवरात्रात, दसऱ्याच्या अलीकडे यावी आणि वेळ संध्याकाळची असावी, कारण दुपारी घेणारा स्वतःच रानात असतो.

आता कागदपत्रे, आणि याबाबत आम्ही हात जोडून सांगतो. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवावा. विक्री झाली की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव बदलल्याशिवाय गप्प बसू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की, वाहन हातोहात पुढे विकले गेले तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. पैसे कधीच खर्च झालेले आणि परक्या गावातल्या अपघाताची नोटीस आपल्या दारात, अशी पाळी कोणावर येऊ नये. अनुदानावर घेतलेल्या अवजाराला विक्रीच्या अटी असतात. मंजुरीपत्र वाचल्याशिवाय ते विकायला काढू नये.

फसवणुकीबद्दल एवढेच की, पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यू.आर. कोडही स्कॅन करावा लागत नाही. वस्तू न बघता लगेच पूर्ण भाव कबूल करणारा, 'मी लष्करात आहे, कोड पाठवतो' म्हणणारा माणूस गिऱ्हाईक नव्हे. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. खात्यावर रक्कम जमा झाल्याची बँकेकडून खात्री केल्याशिवाय किल्ली देऊ नये, मग समोरचा कितीही गोड बोलो.

लिलाव सगळ्यालाच लागू पडतो असे मात्र नाही. ज्या वस्तूला दुसरे गिऱ्हाईकच नाही, ती लिलावात काढणे म्हणजे स्वतःहून पडत्या भावाला देणे. मोडका नांगर, गंजलेले पाईप, फुटक्या नळ्या यांचा भाव वजनाचाच. पण एकट्याचे दोन क्विंटल लोखंड आणि चाळीस सभासदांचे मिळून एका जागी रचलेले लोखंड यांना एकच भाव येत नाही. मोठ्या ढिगासाठी लांबचा व्यापारीसुद्धा गाडी घेऊन येतो.

म्हणूनच आमची सूचना अशी की, प्रत्येक गट ऑफिसने विक्रीयोग्य अवजारांची यादी ठेवावी, शेतकी खात्याच्या कर्मचाऱ्याने फोटो आणि कागद तपासून द्यावेत आणि भंगाराचा गटवार एकच लॉट करून लिलावाला काढावा. काही मंडळी म्हणतात, कारखान्याने या भानगडीत पडूच नये, उद्या इंजिन बसले तर लोक आपल्या दारात येतील. ही भीती खोटी नाही. कारखान्याने मालाची हमी घेऊ नये, ऊस बिलातून कसली कपात करू नये आणि कमिशनही घेऊ नये. लिलाव कंपनीचे शुल्क किती ते आधी विचारून सभासदाने स्वतः भरावे. पण यादी करून कागद तपासून देण्याने कोणाचे नुकसान होणार आहे, हे आम्हांस अजून कोणी पटवून दिलेले नाही.

हा विषय वार्षिक सभेपुढे यावा असे ज्यांना वाटते, त्यांनी अवजाराचे नाव, खरेदीचे साल आणि बोजा आहे की नाही एवढे कागदावर लिहून आपल्या गट ऑफिसात द्यावे. किती नावे येतात ते पाहून पुढचे ठरवता येईल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते