संदिग्धता कोणाची?



कॉर्मॅक मॅकार्थी हे थोर अमेरिकन कादंबरीकार १३ जून २०२३ रोजी निवर्तले. त्यांच्या ‘ब्लड मेरिडियन’ (१९८५) या कादंबरीची महती सांगताना समीक्षक दोन शब्दप्रयोग हटकून करतात: ‘अराजक सीमाप्रदेश’ आणि ‘नैतिक संदिग्धता’. माझा विरोध कादंबरीला नाही. या दोन शब्दप्रयोगांना आहे.

प्रथम ‘अराजक’ घेऊ. कथा घडते ती प्रामुख्याने १८४९-५० मध्ये, अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवर. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण मुलूख अमेरिकेकडे गेला होता. मेक्सिकोतील चिहुआहुआ राज्याने १८४९ साली रीतसर कायदा करून अपाचे योद्ध्याला ठार करणाऱ्यास २०० पेसोंपर्यंत इनाम लावले. पुरावा काय, तर केसांसह सोललेली टाळूची कातडी! जॉन ग्लँटन हा इतिहासातील खरा माणूस. त्याची टोळी याच धंद्यावर जगली. कातडी अपाचेची की निरुपद्रवी खेडुताची, हे ओळखणार कोण? म्हणून कादंबरीतील टोळी शांतताप्रिय तिग्वांची वस्ती कापून काढते, पुढे मेक्सिकन ग्रामस्थांनाही सोडत नाही. त्या ग्रामस्थांची कातडी गव्हर्नरच्या निवासस्थानाच्या खिडक्यांना टांगली जाते आणि सरकारी खजिन्यातून मोबदला चुकता होतो. जेथे गव्हर्नर आहे, खजिना आहे, मुडद्यांचा दर ठरलेला आहे, तेथे कायदा नव्हता असे कोणत्या तोंडाने म्हणावे? कायदा होता. कोणाला त्याचे संरक्षण नाही, एवढेच त्याने ठरवून टाकले होते.

आता ‘संदिग्धता’. टोळीतील ‘जज’ होल्डन महापंडित आहे, बहुभाषी आहे. नीतिनियम म्हणजे बलवानांचे हक्क काढून दुर्बळांना देण्यासाठी माणसाने रचलेली क्लृप्ती, असे तो ठासून सांगतो. या वाक्चातुर्याने भलेभले दिपतात. मी म्हणतो, होय, नीती दुर्बळांच्या बाजूने उभी राहते, म्हणूनच ती नीती! होल्डन जो तिचा दोष मानतो, तीच तिची थोरवी आहे.

मॅकार्थींनाही हे कळले होते. टोळीतील एकाच्या मांडीत बाण रुततो, तेव्हा कोणीही पुढे येत नाही. कथेतील बेनाव मुलगा तो बाण काढतो. शेवटी होल्डन त्याच्यावर आरोप ठेवतो तो कोणता? मनाच्या कोपऱ्यात दया शिल्लक ठेवल्याचा! यात संदिग्ध काय आहे? लेखकाला दोष द्यायचाच तर एवढा द्यावा की, ज्या तिग्वांची कत्तल तो इतक्या बारकाईने रंगवतो, त्यांना त्याने ना नाव दिले, ना वाणी.

आपली मुले येथील महाविद्यालयांत हा ग्रंथ वाचतील. अवश्य वाचू द्या. परंतु त्यांनी निबंधात ‘नैतिक संदिग्धता’ असे लिहून आणले, तर त्यांना जवळ बसवून एकच प्रश्न विचारा: बाळांनो, ही संदिग्धता त्या तिग्वा वस्तीतील कोणाला वाटली असेल काय?