कुलुपाआड बरा झालेला माणूस : ब्रॉडमूर ते तेजपूर

१/ मराठी बोलीत ‘येरवडा’ या एकाच शब्दाने दोन जागा सुचतात : तुरुंग आणि मनोरुग्णालय. कोणती जागा अभिप्रेत आहे, हे ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. ज्याच्या हातून वेडाच्या भरात गुन्हा घडला, त्याला या दोहोंपैकी कुठे ठेवावे, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यापुढचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो माणूस बरा झाला, तर त्याने बाहेर कसे पडायचे? हा धागा त्या दुसऱ्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे.

२/ १५ मे १८००. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात जेम्स हॅडफील्ड या माजी सैनिकाने राजा तिसरा जॉर्ज याच्या दिशेने पिस्तूल झाडले. फ्रान्सविरुद्धच्या युद्धात हॅडफील्डच्या डोक्यावर खोल घाव बसले होते. त्याचे वकील टॉमस अर्स्किन यांनी त्याचा भ्रम न्यायालयाला पटवून दिला आणि तो निर्दोष ठरला. सरकारपुढे पेच उभा राहिला : निर्दोष ठरलेल्या माणसाला कोंडून ठेवायचे कोणत्या आधारावर?

३/ उत्तर म्हणून त्याच वर्षी तातडीने एक कायदा करण्यात आला. अशा व्यक्तीला ‘राजाची मर्जी असेपर्यंत’ बंदिस्त ठेवावे, असे त्यात ठरले. ती मर्जी कोणत्या कसोटीवर संपते, हे मात्र ठरले नाही. हॅडफील्ड १८४१ मध्ये बंदिवासातच वारला. शिक्षा झालेल्या कैद्याला निदान दिवस मोजता येतात. निर्दोष ठरलेल्या या माणसाला ४१ वर्षे तेवढीही सोय नव्हती.

४/ १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. त्याच्या निर्दोष मुक्ततेवरून गदारोळ उठला आणि त्यातून ‘मॅकनॉटन नियम’ जन्माला आले. कृत्याचे स्वरूप किंवा ते गैर आहे हे मनोविकारामुळे कळत नसेल, तर गुन्हेगारी जबाबदारी नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये हाच विचार उतरला. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे.

५/ कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे नियम मुखोद्गत असतात. पण ते केवळ आत जाण्याच्या दाराविषयी बोलतात. माणूस आत गेल्यानंतर काय, याचे उत्तर शोधायचे तर न्यायालय सोडून बर्कशायरमधील एका टेकडीकडे वळावे लागते.

६/ तेथे १८६३ मध्ये ब्रॉडमूर उघडले. आराखडा तुरुंगांचे बांधकाम करणाऱ्या जोशुआ जेब यांचा. कारभार मात्र डॉक्टरांचा. आवारात शेती, मळा, शिंपीकाम आणि चर्मकामाच्या कार्यशाळा होत्या. अनावर रुग्णांचे विभाग वेगळे आणि विश्वासास पात्र ठरलेल्यांचे वेगळे. वागणूक सुधारली की माणूस एका इमारतीतून दुसरीत जाई. प्रगती मोजण्याचे हे पहिले ढोबळ माप होते.

७/ हे माप किती फसवे ठरू शकते, हे विल्यम चेस्टर मायनर याच्या चरित्रातून कळते. या अमेरिकन लष्करी शल्यचिकित्सकाने १८७२ मध्ये लंडनमध्ये एका निरपराध कामगाराचा जीव घेतला. ब्रॉडमूरच्या सवलतींच्या विभागात त्याला दोन खोल्या आणि स्वतःचा ग्रंथसंग्रह मिळाला. तेथून त्याने ऑक्सफर्ड शब्दकोशासाठी हजारो अवतरणे पाठवली.

८/ ही कथा बहुधा ‘विद्वत्तेने वेडावर मात केली’ अशा थाटात सांगितली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. रात्री कोणी खोलीत शिरून आपला छळ करते, हा त्याचा भ्रम कायम राहिला आणि १९०२ मध्ये त्याने स्वतःला भयंकर इजा करून घेतली. सवलत वाढली, काम उत्तम झाले, आजार मात्र हलला नाही. चांगली वर्तणूक आणि बरे होणे यांत अंतर असते, हा धडा डॉक्टरांना अशाच रुग्णांनी शिकवला. १९१० मध्ये गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या आदेशाने मायनर अमेरिकेतील रुग्णालयात रवाना झाला.

९/ याच्या अगदी उलट कहाणी एडवर्ड ऑक्सफर्ड याची. जून १८४० मध्ये या अठरा वर्षांच्या तरुणाने व्हिक्टोरिया राणीच्या बग्गीवर दोन पिस्तुले झाडली. वेडा ठरून तो बेथलेममध्ये गेला. तेथे तो फ्रेंच, जर्मन, इटालियन शिकला, व्हायोलिन शिकला, रंगकामाचा कसबी कारागीर झाला. त्याच्यात वेडाचे लक्षण नाही, असा डॉक्टरांचा निर्वाळा होता. तरीही २४ वर्षांनी तो बाहेर न पडता ब्रॉडमूरमध्ये हलवला गेला.

१०/ कारण सुटकेची सही डॉक्टरच्या हाती नव्हती, गृहमंत्र्यांच्या हाती होती. राणीवर पिस्तूल रोखणाऱ्याला सोडण्याची राजकीय किंमत कोणाला मोजायची नव्हती. अखेर १८६७ मध्ये परवानगी मिळाली, तीही दूरच्या वसाहतीत जाऊन परत न येण्याच्या अटीवर. मेलबर्नमध्ये त्याने जॉन फ्रीमन हे नाव घेतले, संसार केला, १८८८ मध्ये त्या शहरावर पुस्तक लिहिले. १९०० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने कोणालाही इजा केल्याची नोंद नाही.

११/ म्हणजे एकोणिसाव्या शतकातच दोन गोष्टी सिद्ध झाल्या होत्या. पहिली : बाह्य प्रगतीवरून आजाराचे अनुमान करता येत नाही. दुसरी : आजार गेला तरी सत्ता कुलूप काढतेच असे नाही. यावर उपाय म्हणजे पायऱ्या. प्रत्येक पायरीवर थोडे स्वातंत्र्य, त्यावर देखरेख, मग पुढची पायरी. पण ब्रॉडमूरच्या भिंतीच्या आत पायऱ्या होत्या. भिंत ओलांडली की थेट रस्ता लागत असे.

१२/ त्या रिकाम्या जागेची किंमत विसाव्या शतकाने मोजली. चौदाव्या वर्षी आप्तांवर विषप्रयोग केलेला ग्रॅहम यंग १९६२ मध्ये ब्रॉडमूरमध्ये आला आणि १९७१ मध्ये बरा झाला म्हणून सुटला. त्याला नोकरी मिळाली. मालकाला त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नव्हता. तो चहा देत असे. दोन सहकारी विषाने मेले, इतर अनेक आजारी पडले. १९७२ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

१३/ ‘म्हणूनच अशांना कधीच सोडू नये,’ हा आक्षेप येथे स्वाभाविक आहे आणि तो झटकून टाकणे मृतांवर अन्याय करण्यासारखे होईल. पण यंगच्या प्रकरणात नेमके काय चुकले, हे पाहिले पाहिजे. सर्वाधिक बंदोबस्तातून तो जवळजवळ एकाच उडीत मोकळ्या जगात आला. मधल्या पायऱ्या असत्या, माहिती योग्य हाती पोचली असती, तर धोक्याची चिन्हे दिसण्याची संधी तरी मिळाली असती.

१४/ ब्रिटनने काढलेला निष्कर्षही जवळपास हाच होता. बटलर समितीने १९७४ मध्ये प्रत्येक विभागात मध्यम सुरक्षेची रुग्णालये उभारण्याची निकड मांडली. १९८१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ठरवले की अशा रुग्णाच्या बंदिवासाची ठरावीक काळाने न्यायिक फेरतपासणी झालीच पाहिजे. १९८३ च्या कायद्याने न्यायाधिकरणांना थेट मुक्ततेचा अधिकार दिला. मंत्र्यांच्या मर्जीची एकाधिकारशाही १८३ वर्षांनी संपली.

१५/ आज तेथे साधारण वाट अशी आहे : उच्च, मध्यम आणि कमी सुरक्षा, मग अटींसह समाजात वास्तव्य. प्रथम परिचारकासोबत आवारात फेरी, नंतर एकट्याने, नंतर गावात काही तास. काही बिनसले तर एक पायरी मागे. ही व्यवस्था संथ आहे आणि तिच्यातही माणसे वर्षानुवर्षे अडकतात. पण पुढची पायरी कोणती, हे रुग्णाला विचारता येते.

१६/ भारताने ब्रिटिशांकडून आत जाण्याचे दार घेतले, पायऱ्या घेतल्या नाहीत. आसामच्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली. मनोरुग्ण म्हणून ते तेजपूरच्या रुग्णालयात गेले. १९६७ मध्ये रुग्णालयाने ते बरे असल्याचे कळवले. त्यांना घरी पाठवले गेले नाही, गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवले गेले. त्यांचा खटला चाललाच नाही.

१७/ २००५ मध्ये ते बाहेर आले तेव्हा त्यांचे वय ७७ होते. सुटकेसाठी घेतलेला जातमुचलका १ रुपयाचा होता. ५४ वर्षांपैकी ३८ वर्षे ते ‘बरे’ या नोंदीसह कैदेत होते. यात कोणी क्रूर खलनायक सापडत नाही. रुग्णालयाने पत्र पाठवले आणि त्या पत्रावर पुढे काय करायचे, हे पाहणारा कोणी नव्हता, इतकेच. बिहारच्या हजारीबाग तुरुंगातही असेच बरे झालेले कैदी अडकून पडले होते. १९८२ मध्ये वीणा सेठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. त्या निकालानंतरही लालुंग २३ वर्षे आतच होते.

१८/ २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचार केंद्र असावे, असे बंधन घातले. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण तेही दाराच्या आतलेच. निर्दोष ठरलेल्या मनोरुग्णाची सुटका अजूनही बहुतांशी आप्त पुढे येऊन हमी देतात की नाही, यावर अवलंबून असते. ज्याचे आप्तच त्या गुन्ह्याचे बळी आहेत, त्याने हमीदार कोठून आणावा?

१९/ राज्यसंस्थेने कुलूप लावण्याचा अधिकार घेतला की ते कोणत्या क्रमाने उघडेल, हे सांगण्याचे बंधनही तिच्यावर येते. रुग्णावर दया म्हणून नव्हे. यंगच्या सहकाऱ्यांचे प्राणही त्याच क्रमावर अवलंबून होते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार शासकीय मनोरुग्णालये आहेत. त्यांच्या नव्या इमारतींची आणि वाढीव खाटांची बातमी येईल, तेव्हा इतिहासाच्या वाचकाने एक प्रश्न अवश्य विचारावा : न्यायालयाच्या आदेशाने आत आलेल्यांपैकी किती जणांच्या कागदावर ‘बरा’ असे लिहिले आहे, आणि ते लिहून किती वर्षे झाली?

(समाप्त)