तोंडाने नळी ओढण्याची सवय

ज्या घरात तांब्या ओठांना न लावता वरून पाणी पिण्याची शिस्त आहे, ज्या घरात एकाच्या ताटातील घास दुसऱ्याच्या ताटात पडत नाही, त्याच घरात शिरक्याच्या बरणीत रबरी नळी सोडून तिचे दुसरे टोक तोंडात धरले जाते आणि रस जिभेला लागेपर्यंत ओढला जातो. हे उष्टे कोणाच्या लक्षात येत नाही. काम संपले की तीच नळी खुंटीला अडकते व पुढे केव्हातरी डिझेलच्या पिंपात उतरते. ही सवय अस्वच्छ आहे, इतकेच नव्हे तर प्राणघातकही आहे. आणि ती मोडण्याचे काम ग्रामपातळीवरील विस्तार कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावयास हवे.

नळी हे साधन वाईट नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. शाळेच्या पुस्तकात जिला वक्रनलिका म्हणतात, ती हीच. वरच्या भांड्यातील द्रवाच्या पातळीपेक्षा नळीचे बाहेरचे टोक खाली असले आणि नळी द्रवाने पूर्ण भरलेली असली, की प्रवाह आपोआप चालू राहतो. दोन्ही भांड्यांतील पातळी सारखी झाली किंवा नळीत हवा शिरली, की तो थांबतो. यास इंजिन नको, वीज नको. गाळ बसलेला रस भांडे तिरपे करून ओतला तर तळाचा साका उसळून सर्व रस गढूळ होतो. नळीने मात्र वरचा नितळ रस अलगद काढता येतो.

आंबवलेल्या रसाच्या कामात याला फार महत्त्व आहे. नाशिक जिल्ह्यातील परवानाधारक कारखान्यांत द्राक्षांची वाइन होते, तेव्हा ती तळाच्या गाळावरून दुसऱ्या टाकीत काढून घेतली जाते, कारण मेलेल्या किण्वाच्या जाड थरावर ती फार दिवस राहिली तर तिला दुर्गंधी येण्याचा संभव असतो. घरी वाइन करणे हा परवान्याचा विषय आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. शिरक्याची गोष्ट निराळी असली, तरी त्याच्याही रसात मधल्या अवस्थेत मद्यार्क असतो. सबब काम आरंभण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे नियम विचारून घ्यावेत, हे उत्तम.

उसाच्या किंवा जांभळाच्या रसाचा शिरका दोन पायऱ्यांनी होतो. पहिल्या पायरीत रसातील साखरेचा मद्यार्क होतो, दुसरीत हवेच्या साहाय्याने त्या मद्यार्काचे आम्ल होते. या दोहोंच्या मध्ये नितळ रस गाळापासून वेगळा करावयाचा व त्यात न उकळलेला जुना शिरका विरजणाप्रमाणे घालावयाचा असतो. वाइन करणारा हवेला भितो, म्हणून तो नळीचे खालचे टोक दुसऱ्या भांड्याच्या तळाशी टेकवून रस खळखळू देत नाही. शिरका करणाऱ्यास या टप्प्यावर हवा हवीच असते. त्याला ती काळजी नको. स्वच्छतेची काळजी मात्र दोघांनाही सारखीच हवी.

या स्वच्छतेलाच तोंडाने ओढल्यामुळे बाध येतो. नळीत गेलेली लाळ व तोंडातील जंतू रसात उतरतात. जे विकावयाचे किंवा पाहुण्यांच्या पानात वाढावयाचे, ते आरंभीच उष्टे होते. तथापि शिरक्याच्या बाबतीत नुकसान होईल ते मालाचे. डिझेलच्या बाबतीत ते माणसाचे होते. ओढताना डिझेलचा घोट अचानक येतो, ठसका लागतो आणि ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते. त्यामुळे फुप्फुसाला तीव्र सूज येऊन जीव धोक्यात येतो. अशा वेळी घरचे लोक मीठ-पाणी पाजून ओकारी काढू पाहतात. तसे मुळीच करू नये, कारण ओकताना तेच डिझेल पुन्हा श्वासमार्गात जाण्याची भीती असते. रोग्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

कीटकनाशकाला तर नळी लावूच नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. औषध श्वासातून व कातडीतूनही अंगात भिनते, मग तोंडाची गोष्ट काय बोलावी? ते मूळ डब्यातूनच, हातमोजे घालून, मापाने घ्यावे. दुसऱ्या बाटलीत काढून ठेवू नये. विषबाधेचा संशय येताच रोग्याबरोबर तो डबाही डॉक्टरांना दाखवावा.

तोंडाविना नळी चालू करणे मुळीच अवघड नाही. रसाचे भांडे आदल्या दिवशीच ओट्यावर किंवा चौरंगावर ठेवावे, म्हणजे हलल्याने उसळलेला साका रात्रीतून पुन्हा बसतो. नळी गरम पाण्याने धुवावी. तिला एक स्वच्छ काठी अशी बांधावी की काठीचे टोक नळीच्या २ बोटे पुढे राहील. काठी तळाला टेकली तरी नळीचे तोंड गाळाच्या वर राहते. मग नळी उकळून गार केलेल्या पाण्याने काठोकाठ भरून दोन्ही टोके अंगठ्यांनी दाबावीत. एक टोक रसात बुडवावे, दुसरे खाली धरावे आणि अंगठे सोडावेत. आरंभी येणारे पाणी निराळ्या वाटीत जाऊ द्यावे व रस येऊ लागताच नळी बरणीत धरावी. हे पाणी शिरक्यात मिसळले तर त्याचा कस उतरतो, आणि विक्रीच्या किण्वित शिरक्यात १०० मिलिलिटरमागे किमान ३.७५ ग्रॅम अॅसेटिक आम्ल असावे, असा नियम आहे. बरणी काचेची किंवा चिनी मातीची असावी. तांब्या-पितळेचे भांडे आम्लाने झिजते. डिझेलसाठी ही पाण्याची युक्ती चालणार नाही. तेथे साधा हातपंप ठेवावा किंवा पिंपालाच तोटी बसवून घ्यावी. त्याची किंमत दवाखान्याच्या खर्चाच्या मानाने क्षुल्लक आहे.

“आजवर असेच ओढत आलो, काही झाले नाही,” असे उत्तर यावर ठरलेले असते. परंतु ज्याला काही झाले नाही तोच हे सांगावयास उरलेला असतो, हे विसरून चालत नाही. शिवाय घरातील मुले हे पाहत असतात. वडिलांनी शंभर वेळा सावधपणे केलेली गोष्ट मुलगा एकदाच असावधपणे करतो.

आपल्या प्रात्यक्षिकांत नवे बियाणे असते, नवे अवजार असते; अशा लहान सवयीला मात्र तेथे जागा मिळत नाही. ती मिळाली पाहिजे. त्यासाठी निधी किंवा मंजुरी नको. दोन बादल्या, हातभर नळी आणि स्वच्छ पाणी एवढ्यावर हे प्रात्यक्षिक कोणत्याही पारावर होऊ शकते. अन्नाची नळी वेगळी, डिझेलची वेगळी, आणि दोहोंपैकी एकही ओठांना लागणार नाही, एवढा एक नियम घराघरांत रुजला, तरी कार्यकर्त्याचा तो दिवस सार्थकी लागला असे समजावे.