शिळ्या पाण्याची वीज

१४ डिसेंबर आला की ऊर्जा संवर्धन दिनाची पत्रके निघतात. यंदा आमच्या सोसायटीच्या फलकावर एक लागले: ‘खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा, राष्ट्राची वीज वाचवा.’ त्याच्या शेजारीच दुसरी सूचना: ‘उद्या पाणी येणार आहे, सर्वांनी टाक्या रिकाम्या करून ठेवाव्यात.’ दोन्हींखाली सचिवांची एकच सही.

दिव्यांचे कीर्तन आता आवरायला हरकत नाही. २०१५च्या उजाला योजनेपासून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. ६० वॅटचा पिवळा बल्ब जाऊन ९ वॅटचा पांढरा आला. ती लढाई बरीचशी जिंकून झाली. तरी दर डिसेंबरात शाळेच्या पोरांना उन्हात रांगेने फिरवून तीच घोषणा द्यायला लावतात, आणि फेरी ज्या गल्लीतून जाते तिथल्या निम्म्या गच्च्यांवरून टाक्या धो-धो वाहत असतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरात दुचाक्यांपेक्षा पाण्याच्या मोटारी जास्त असाव्यात, हा माझा संशय अजून कायम आहे. आकडा मागू नका.

याच शहरात पाणी एकेकाळी मोटारीशिवाय येत असे. पाहुणे आले की आपण त्यांना पाणचक्कीला नेतो. हौदातले मासे दाखवतो, फोटो काढतो आणि परततो. जरा थांबून तिथे काय चालले आहे ते पाहावे. लांबच्या डोंगरातले पाणी खापरी नळांतून, स्वतःच्याच दाबावर तिथवर येते, उंचावरून हौदात पडते आणि पडता पडता जाते फिरवते. तिथल्या दर्ग्यातल्या फकिरांचे आणि वाटसरूंचे पीठ त्यावर निघत असे. मलिक अंबरने १६१०मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि पुढच्या काही वर्षांत नहर आणली, तीही उतारानेच. म्हणजे या गावात पाणी यायचे ते शक्ती घेऊन यायचे.

आता आपले पाणी बघा. पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणातून, ते निघते. शहर धरणाच्या भरल्या पातळीपेक्षाही शंभरेक मीटर उंचावर आहे. म्हणून जायकवाडीला पंप, फारोळ्याला शुद्धीकरण आणि पुन्हा पंप, मग नक्षत्रवाडीची टेकडी, तिथून जलकुंभ, मग तुमचा नळ, नळाला चोरून जोडलेली मोटार, खालची टाकी आणि शेवटी गच्चीवर चढवणारी आणखी एक मोटार. फारोळ्याची वीज तासभर गेली तरी अख्ख्या शहराचे पाण्याचे वेळापत्रक एक दिवस पुढे ढकलले जाते, एवढे हे पाणी विजेच्या ओंजळीने पिणारे आहे.

हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पंपात वाया जाणारी शक्ती आणि चाळीसेक किलोमीटर पाइपातले घर्षण धरले की प्रत्यक्षात बरीच जास्त. घर्षण सोडून दिले तरी एवढ्या विजेवर ९ वॅटचा बल्ब सलग ३० तास जळेल. आता दोनशे लिटरचा ड्रम घ्या. नवे पाणी येणार म्हणून तो अंगणात पालथा केला, की सहा तासांचा दिवा ओतून दिला. एकीकडे खोलीतून बाहेर पडताना पाच मिनिटांसाठी बटण दाबायचे, दुसरीकडे चार दिवसांचे पाणी ‘शिळे’ झाले म्हणून गटारात सोडायचे! डेंग्यूच्या दिवसांत भांडी कोरडी ठेवायलाच हवीत, पण त्या पाण्याने फरशी पुसता येते, संडासात टाकता येते. ते सांगणारे पत्रक माझ्या पाहण्यात नाही.

कुणी म्हणेल, नहरीचे शहर केवढे आणि आताचे केवढे. २०११च्या जनगणनेतच आपण पावणेबारा लाखांवर गेलो होतो, तेव्हा उताराच्या पाण्यावर भागणार नाही, हे मलाही कळते. पाणचक्की पुन्हा सुरू करून गव्हाचे पीठ काढा, असे मी म्हणत नाही. पण जे पाणी इतकी वीज खाऊन येते ते निदान वीज समजून तरी वापरावे. टाकीला फ्लोटचा कॉक काही शे रुपयांत बसतो. आमच्या सोसायटीत तो विषय तीन बैठका पुढे ढकलला गेला, कारण रंगकामाचा विषय आधी होता.

पाण्याला मीटर नाही, हे खरे दुखणे. आपली पाणीपट्टी वर्षाची ठोक, २०२२मध्ये ती निम्मी झाली तेव्हा फटाके वाजले. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर आलेख काढून दाखवतात. महापालिकेने पाणीपट्टीच्या कागदावर एवढेच छापावे: हजार लिटर तुमच्या दारापर्यंत आणायला इतके युनिट लागले. डिसेंबरची पत्रके छापायचा खर्च मग वाचेल.