नाव कामगाराचं झाका, कंपनीचं नको

माझ्या खालाचा मुलगा अंबडच्या एका कारखान्यात नऊ वर्षं होता. चौकशी न करताच काढलं, तो कामगार न्यायालयात गेला. नंतर दुसरीकडे मुलाखत झाली. सगळं जमलं होतं, आणि एचआरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कंपनीवर केस करता का?" तिथली नोकरीही गेली.

ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. कामगाराला एखादी कंपनी तपासायची तर एकेक न्यायालय, एकेक वर्ष, दर वेळी कॅप्चा. कंपनी हेच काम पडताळणी एजन्सीला देते. मी कोड लिहूनच पोट भरतो, शेकडो नावं अशी चाळणं अवघड नाही. त्यात आपली नावं! नाशकात एकाच नावाचे किती शेख असतील? एकाची केस दुसऱ्याला चिकटते आणि त्याला कोणी सांगतही नाही.

म्हणून काही मित्र म्हणतात, नोंदीच बंद करा. मला हे अजिबात मान्य नाही. नोंदी बंद झाल्या की आधी कंपनी सुटते. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 17 सांगायचं, निवाडा मिळाल्यावर सरकारने तो 30 दिवसांत प्रसिद्ध करावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पक्षकारांना आणि सरकारला कळवला की झालं. आपल्यापैकी किती जणांच्या हे लक्षात आलं?

'ब्लिट्झ'वरच्या बदनामीच्या दाव्यात एका व्यापारी साक्षीदाराने मुंबई उच्च न्यायालयाला विनंती केली: धंद्याचं नुकसान होतं, माझी साक्ष छापू देऊ नका. ती मान्य झाली. पत्रकार नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1966 मध्ये हरले. विरोधी निकाल लिहिला एम. हिदायतुल्ला यांनी, पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. मी त्यांच्याच बाजूचा, मजकूर उघडाच हवा. पण व्यापाऱ्याच्या धंद्यासाठी अख्खी साक्ष झाकता येते, तर कामगाराच्या रोजीसाठी नुसतं नाव का नाही?

निकाल पूर्ण द्या. कंपनीचं आणि ठेकेदाराचं नाव शोधता येऊ द्या. कामगाराचं नाव फक्त शोधातून काढा. डेटाबेसमध्ये हा एका कॉलमचा प्रश्न आहे. आणि केसमुळे उमेदवाराला नाकारलं तर तसं त्याला लेखी कळवा.

भाऊ सध्या रिक्षा चालवतो. केसला पुढची तारीख मिळाली आहे.