हेतू नको, हिशेब मांडा

जिंतूर तालुक्यातल्या मायबापहो, लेकीचं लग्न अठराच्या आत का उरकलं, असं विचारलं की कारणं तयार असतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं, वयात आलेली पोर तांड्यावर कुणाच्या भरवशावर ठेवायची? थोरलीच्या मांडवातच धाकटीचं उरकलं तर एका खर्चात भागतं. पोर जास्त शिकली की हुंडा वाढतो. यातलं एकही कारण खोटं नाही. लेकीचं वाईट कुणीच चिंतत नाही.

पण केलेलं बरं की वाईट, हे करणाऱ्याच्या मनावरून ठरत नाही. ज्याला ते भोगावं लागतं, त्याच्या पदरात काय पडलं यावरून ठरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या जवळपास निम्म्या बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. राज्यात हेच प्रमाण पाचात एक होतं. लग्न झालं की शाळा सुटते. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. मग पोर फडात मोळ्या उचलते. अंगात पुरेसं रक्त नसतानाच दिवस जातात, बाळ कमी वजनाचं होतं.

यावर कुणीतरी म्हणतंच, "आमच्या आईचं चौदाव्या वर्षी झालं, काय बिघडलं?" दारू पिऊन गाडी चालवणारा एखाद्या रात्री सुखरूप घरी पोचतो, म्हणून त्यानं केलं ते बरोबर ठरत नाही. शिवाय जिचं बरं झालं तिचं उदाहरण चारचौघांत दिलं जातं, जिचं बिघडलं तिचं नावही कुणी काढत नाही. म्हणून परिणाम बघायचा तो नशिबानं टळलेला नव्हे, आधीच डोळ्यांसमोर दिसत असलेला.

असा विरोध आजचा नाही. १८९१ साली मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला कायद्यानं मान्य असलेलं वय, दहावरून बारावर नेणाऱ्या कायद्याच्या बाजूनं समाजसुधारक आगरकर उभे राहिले, तेव्हा धर्म बुडेल अशी ओरड झाली. आज त्या बारा वर्षांचीही आपल्याला लाज वाटते.

परिणामांचा हाच हिशेब लग्न थांबवणाऱ्यांनाही लागू आहे. आज मांडव मोडला आणि महिन्याभरात मामाच्या गावी गुपचूप अक्षता पडल्या, तर साधलं काय? म्हणून पोरीची सोय आधी बघा. हंगामी वसतिगृहासाठी शाळेकडे आत्ताच मागणी करा, आजी-मावशीकडे ठेवा, गावातून कॉलेजपर्यंतच्या एसटीचा प्रश्न लावून धरा. मंडपवाले, आचारी, भटजी यांनी जन्मदाखला बघितल्याशिवाय सुपारी घेऊ नये. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं लग्न लावणाराही दोन वर्षं आत जाऊ शकतो.

आणि शेजाऱ्यांनो, गप्प बसण्याचाही परिणाम होतोच. पत्रिका हाती आली आणि वय खटकलं, तर ग्रामसेवकाला सांगा किंवा मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा. अक्षता पडायच्या आधी.